तिरप्या उन्हातलं गाव

बिलोलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. तीस वर्षं मी लग्नं, बारशी, शाळेचे वर्गफोटो आणि पासपोर्ट साइझ काढत आलोय. माणूस नसलेला फोटो मी कधी हौसेनंसुद्धा काढला नव्हता. डोंगर, तळं, उगवता सूर्य हे सगळं आमच्याकडं मागच्या पडद्यावर रंगवलेलं असायचं. गिऱ्हाईक त्याच्यापुढं उभं राहायचं, मी 'हनुवटी जरा खाली' म्हणायचो आणि बटण दाबायचो. त्यामुळे खऱ्या डोंगरातल्या खऱ्या तळ्याचा फोटो काढायला मी पहाटे उठून निघेन, आणि तेही पन्नाशी उलटल्यावर, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

ते घडलं माझ्या दोन मित्रांमुळे. नांदेडला कॉलेजात असताना आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. त्यातला एक पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाला आणि चाकूरला स्थायिक झाला. त्याला आम्ही गुरुजी म्हणतो. दुसऱ्यानं उदगीरला वडिलांचं कापड दुकान सांभाळलं; तो शेट. शेटच्या घरात कानडी बोलतात, त्यामुळे त्याची मराठी मधेच उदगीरच्या पलीकडं जाऊन परत येते. गुरुजी कमी बोलतो. शेट दोघांच्या वाटचं बोलतो.

गुरुजीचं जन्मगाव पाण्याखाली आहे. बालाघाटाच्या डोंगरात, तीन बाजूंनी उतार आणि मधून नाला, अशा जागी ते वसलेलं होतं. नाल्यावर धरण झालं आणि गाव उठलं. गुरुजी तेव्हा सात वर्षांचा होता. बाकीचे लोक वर माळावरच्या नव्या गावठाणात गेले. गुरुजीचे आईवडील मात्र मजुरीला चाकूरला आले आणि तिथलेच झाले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेली, अजून ताठ, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली. तिला आम्ही तिघंही मायच म्हणतो.

त्या वर्षी आदल्या हंगामाचा पाऊस कमी झाला होता. मे महिन्यात गुरुजीच्या आत्तेभावाचा नव्या गावठाणातून फोन आला. "तळं पार तळाला गेलंय. जुनं गाव उघडं पडलंय. बघायचं असंल तर या. पुन्हा कधी दिसंल सांगता येत न्हाई."

गुरुजीनं मला फोन केला. "कॅमेरा घेऊन येतोस का? मायला दाखवायचंय. तिला गुडघ्यामुळं तिथवर नेता येत नाही."

शेटची गाडी होती. आम्ही दुपारी एकच्या सुमाराला पोचलो आणि तळ्याच्या काठावर उभे राहिलो. समोर पसरलेला भेगाळलेला गाळ, त्यात इकडं तिकडं दगड, मधोमध उरलेलं हिरवट पाणी. ऊन असं की डोळे उघडवेनात. कुठं काही ढीग होते, पण ते घरांचे की नुसतेच दगडगोटे, काही कळत नव्हतं. गुरुजी काठानं एकदा या टोकाला गेला, एकदा त्या टोकाला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"मला काहीच ओळखू येईना," तो म्हणाला. "मारुतीचं देऊळ कुठं होतं तेसुद्धा सांगता येईना मला."

"सात वर्षांचं पोरगं होतास तू," शेट म्हणाला. "मला कालचं गिऱ्हाईक आठवत न्हाई."

मी जमतील तसे फोटो काढले. संध्याकाळी चाकूरला मायला ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवले. तिनं एकेक फोटो नीट पाहिला, कॅमेरा जवळ धरून, लांब धरून. मग तो माझ्या हातात परत दिला.

"हे नुसतं माळरान हाय, लेकरा. कुठलं बी असंल." मग तिनं विचारलं, "आमची इहीर दिसली का?"

त्या विहिरीची हकीकत मला ठाऊक होती. गावची विहीर गुरुजीच्या वस्तीला बंद होती. धम्मदीक्षा घेतल्यावर दोन-तीन वर्षांनी वस्तीतल्या माणसांनी नाल्यापलीकडं स्वतःची विहीर खणली. गुरुजीचे वडील त्यात होते. तेव्हा त्यांचं लग्नही झालेलं नव्हतं. पाणी लागलं त्या दिवशी लोक चिखलात उभे राहून रडले होते, असं ते सांगायचे. माय लग्न होऊन आली ती थेट त्या विहिरीच्या पाण्याला. चौदा वर्षं तिनं ते शेंदलं.

"नाही दिसली, माय," मी म्हणालो.

ती उठून चहा टाकायला गेली.

बिलोलीला परत आल्यावर मला ते खटकत राहिलं. मायनं दोष दिला नव्हता, पण फोटो माझा होता आणि त्यात काही दिसत नव्हतं. दोन-तीन दिवसांनी सकाळी मी स्टुडिओचं शटर उघडलं आणि दारातच थांबलो. आतली भिंत मी दिवाळीत रंगवून घेतली होती. दुपारी ती काचेसारखी गुळगुळीत दिसते. पण सकाळी अर्धा तास ऊन दाराच्या कोपऱ्यातून भिंतीला घासत आत येतं, आणि तेव्हा गवंड्यानं मारलेला प्रत्येक हात, बुजवलेला प्रत्येक खिळा उठून दिसतो. मी ते रोज बघत होतो. नवरीच्या शालूचं जरीकाम दाखवायचं तर लाइट बाजूनं टाकायचा, हे तर मी इतरांना शिकवलंय. आणि गावाचा फोटो मी भर दुपारी, डोक्यावरच्या उन्हात काढून आलो होतो.

मी तिथूनच गुरुजीला फोन लावला. "आपण चुकीच्या वेळी गेलो. पहाटे जाऊ. आणि काठावरून नाही, डोंगरावरून."

पुढच्या रविवारी आम्ही चाकूरहून चार वाजता निघालो. शेट उदगीरहून आदल्या संध्याकाळीच येऊन राहिला होता. त्याच्या बायकोनं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि धपाट्यांचा एवढा मोठा डबा दिला होता की मला वाटलं आम्ही आठवडाभराला चाललोय. गाडी माळावर लावून आम्ही उत्तरेकडच्या डोंगरावर चढायला लागलो. वाट अशी नव्हतीच. घायपातीची बेटं, सुटे दगड, मोबाईलचा उजेड. शेट दर वीस पावलांना थांबून म्हणायचा, "साकु रे, साकु. बस झालं. इथनं बी दिसंल की." तरी चढायचा. ट्रायपॉड गुरुजीनं खांद्यावर घेतला होता.

वर पोचलो तेव्हा पूर्वेकडं नुसती फिकट पट्टी होती. मी ट्रायपॉड लावला, लेन्स पुसली आणि आम्ही तिघं एका खडकावर बसलो. खाली सगळं राखेच्या रंगाचं. गाळ, दगड, पाणी, काही वेगळं करता येत नव्हतं. पाण्याच्या कडेला दोन-चार बगळे हलत होते तेवढंच. वारा पडलेला होता. पूर्वेला दोन टेकड्यांमधे एक खिंड आहे. सूर्य तिथूनच वर येणार हे मी आधीच काढून ठेवलं होतं. पण एवढं दोघांना झोपेतून उठवून आणलं आणि पुन्हा माळरानच दिसलं तर?

खिंडीत सूर्याची कड आली.

उजेडाची एक लांब पट्टी डावीकडून गाळावर आली, जमिनीला अगदी चिकटून. आणि त्या पट्टीत एक काळी रेघ उमटली. सरळ. मी डोळे बारीक केले. रेघेला काटकोनात दुसरी रेघ फुटली. मग तिसरी. मग त्या पट्टीच्या पुढं, जिथं जिथं ऊन पोचत होतं तिथं तिथं, चौकोन उठायला लागले. एक, चार, दहा. घराला घर लागून. पूर्वी डार्करूममध्ये ट्रेत कागद टाकला की कोऱ्या कागदावर आधी डोळे, मग नाक, मग सगळा चेहरा वर यायचा, तसं ते गाव गाळातून वर येत होतं. पाया म्हणून वीतभरच दगड उरले होते, पण त्यांच्या सावल्या दोन-दोन हात लांब पडल्या होत्या. त्या सावल्यांनी भिंती उभ्या केल्या. घरांच्या मधून गल्ली निघाली. गल्लीला गल्ली मिळाली. दोन्ही मिळून एका मोकळ्या चौकात आल्या आणि चौकाच्या मधोमध गोल पार दिसला. ऊन पुढं सरकत होतं आणि गाव वाढत होतं.

आजवर हजारो लोकांचे चेहरे मी कॅमेऱ्यातून पाहिलेत, पण असं काही माझ्यापुढं कधी उभं राहिलं नव्हतं. चाळीसेक वर्षं पाण्यात राहून ते गाव गेलं नव्हतं. ते तिथंच होतं, एकेका उंबऱ्यासकट. आम्हालाच बघता येत नव्हतं.

मी शेटकडं पाहिलं तर त्याचा हात सदऱ्याच्या आत, गळ्यातल्या इष्टलिंगावर होता, आणि ओठ उघडे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. त्यालाच आधी भान आलं.

"अरे काढ की!" तो माझ्या पाठीत गुद्दा घालून ओरडला. "नुसतं काय बघून राहिलास!"

मी कॅमेऱ्याला डोळा लावला. डावीकडून उजवीकडं, थोडं थोडं सरकवत, एकेक तुकडा घेत गेलो, म्हणजे नंतर सगळे जोडून एकच मोठा फोटो करता येईल. बाजूला गुरुजी उभा राहिला होता. त्याचा आवाज बदलला होता, लहान झाला होता.

"ती वेस. वेशीच्या आत तो पार. हा चौथरा मारुतीचा, मूर्ती वर नेली त्यांनी. ही पाटलाची आळी. हिच्यातून आम्ही चपला हातात घेऊन जायचो." मग तो थांबला. "आता नाल्याकडं बघ. नाल्याच्या पलीकडं."

मी कॅमेरा उजवीकडं वळवला. ऊन नुकतंच तिथं पोचत होतं. गावापासून सुटी, एका अंगाला, छोट्या चौकोनांची एक रांग उठली. खोल्या बारीक, एकमेकीला टेकलेल्या. आणि रांगेच्या टोकाला एक वर्तुळ. बाकी सगळ्या रेघा कुठं ना कुठं तुटलेल्या होत्या. हे वर्तुळ पुरं होतं. आत गाळ भरलेला, पण कड शाबूत, उन्हाकडची बाजू लख्ख आणि आतली काळीभोर.

"इहीर," गुरुजी म्हणाला. शाळेत शुद्ध बोलणाऱ्या गुरुजीच्या तोंडून मी तो शब्द असा पहिल्यांदा ऐकला. तो खाली खडकावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. शेट त्याच्याजवळ जाऊन बसला. त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

सूर्य खिंडीतून वर निघाला तशा सावल्या आखडत गेल्या. आधी लांबच्या गल्ल्या विरल्या, मग चौक, मग पार. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत अकरा मिनिटांचं अंतर आहे, हे मी नंतर पाहिलं. त्यानंतर समोर पुन्हा गाळ आणि दगड.

धपाटे खाऊन झाल्यावर गुरुजी म्हणाला, "मला खाली जायचंय. आमच्या घरात उभं राहायचंय एकदा."

"खाली गेलास की काही दिसणार नाही तुला," मी म्हणालो. मग सुचलं. "तुम्ही दोघं जा. मी इथून सांगतो."

ते दोघं उतरले. मी फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून ठेवला आणि फोन कानाला लावला. वरून ते दोघं नखाएवढे दिसत होते. मी पडद्यावरची रेघ बघायचो, त्यांना बघायचो आणि सांगायचो. "नाला ओलांडा. आता डावीकडं. तू गल्लीत आहेस. सरळ चाल. अजून दहा पावलं. विहिरीपासून तिसरं घर म्हणालास ना? थांब. आता उजवीकडं वळ. एक पाऊल. बस. तू दारात उभा आहेस."

फोनवर दगडांवर पाय घासल्याचा आवाज आला. मग गुरुजी म्हणाला, "हाय. उंबऱ्याचा दगड हाय. पायाला लागला." आणि तो आत गेला. म्हणजे पुढं दोन पावलं सरकला.

शेट मात्र बाहेरच थांबला होता. मला वरून कळेना, हा का थांबला. फोनवर त्याचा आवाज आला, "येऊ का रे आत?" आणि मग तो वाकलेला दिसला. तो चपला काढत होता. भिंत नाही, छप्पर नाही, दार नाही, चारी बाजूंनी उघडा गाळ, आणि माझा मित्र उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा. नांदेडच्या खोलीत आम्ही राहायला आलो तेव्हा शेटच्या घरून त्याच्यापुरती पाण्याची वेगळी कळशी आली होती. दिवाळीला तो ती कळशी घेऊन गावी गेला आणि परतताना आणली नाही. त्याबद्दल आम्ही तिघं कधीच बोललेलो नाही.

"बा, बा," गुरुजी म्हणाला. शेटचीच कानडी. ये, ये.

फोटो जोडायला मला चार दिवस लागले. नांदेडला मोठ्या मशीनवर छापून घेतला. दारापेक्षा लांब झाला. गुंडाळी करून चाकूरला नेला. गुरुजीनं घरात सतरंजी अंथरली आणि त्यावर आम्ही तो उलगडून चार कोपऱ्यांना चार पुस्तकं ठेवली. शेट दुकान नोकरावर टाकून आला होता. माय भिंतीला हात लावत आली आणि फोटोच्या कडेला बसली.

ती बघत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. पहिल्यांदा काहीच नाही. मग तिचं बोट पुढं आलं, कागदाला न टेकता, हवेतच. वेशीतून आत शिरलं. चौकात आलं. पाराला वळसा घातला. पाटलाच्या आळीत शिरलं नाही. मागच्या बाजूनं, घरांच्या पाठीमागून, लांबच्या वाटेनं नाल्याकडं गेलं. नाला ओलांडला. आणि वर्तुळावर येऊन टेकलं.

"हाव," ती म्हणाली. "ही आमची."

तिनं पूर्ण तळहात त्या विहिरीवर ठेवला.

मग गुरुजीनं उत्साहानं सांगायला सुरुवात केली. "आणि हे बघ माय, विहिरीपासून तिसरं. हे आपलं घर. मी उभा राहिलो तिथं. उंबऱ्याचा दगड अजून आहे."

मायनं त्याच्याकडं पाहिलं. "ते आपलं न्हाई. ते तुझ्या चुलत्याचं. आपलं हे, चवथं. तू तिकडंच पडलेला असायचास दिवसभर, म्हणून तुला ते आपलं वाटतं."

गुरुजीचं तोंड बघण्यासारखं झालं. आणि मग तो हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म्हणजे मी चुलत्याच्या दारात चप्पल काढली?" शेट म्हणाला.

"मग?" माय म्हणाली. "त्येंच्या दारात न्हाई काढायची व्हय?"

त्यानंतर ती सांगत सुटली. या घरात कोण, त्यांना किती पोरं, कोण कुठं दिलेली, कोणाची शेळी कोणाच्या अंगणात बांधलेली असायची. बोट एकेका चौकोनावर थांबायचं आणि तो चौकोन भरून जायचा. शेजारच्या दोन बायका डोकावल्या आणि येऊन बसल्या. गुरुजीच्या बायकोनं गॅस बंद केला आणि तीही येऊन बसली. शेट मांडी घालून, हनुवटी मुठीवर ठेवून ऐकत होता. मी तीस वर्षांत इतके फोटो लोकांच्या हातात दिले. 'छान आलाय' म्हणून ते पिशवीत जातात. एका फोटोत इतकी माणसं राहत असतील हे मला त्या दिवशी कळलं.

मधेच ती थांबली. मागं सरकून बसली आणि सबंध फोटो एका नजरेत बघायला लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"एवढं मोठं होतं व्हय गाव?" ती हळूच म्हणाली. "आन् लई देखणं की."

"तू राहिलीस ना माय तिथं चौदा वर्षं," गुरुजी म्हणाला.

"राह्यले. त्या डोंगरावर रोज जायची मी सरपणाला. जाताना घाई, येताना डोक्यावर मोळी आन् नजर पायाखाली. वळून बघावं असं कधी मनातच आलं न्हाई. वरून असं दिसतं, ते मला आज कळतंय."

ती बराच वेळ तशीच बघत राहिली. मग चष्मा काढून तिनं गुरुजीच्या हातात दिला.

"पुसून दे," ती म्हणाली. "नाल्याकडची घरं सांगायची राह्यलीत अजून."